दोन घरं चाललेलं प्यादं

ती गोष्ट मी रचली. आधी हेच लिहून टाकतो, म्हणजे पुढे शब्दांच्या आड लपायची सोय राहणार नाही.

आमच्या गावच्या सरदाराची विधवा सून वेढा घालून बसलेल्या सेनापतीशी बुद्धिबळाचा डाव खेळली आणि तिने गाव वाचवलं, ही गोष्ट आता आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. शाळांच्या गॅदरिंगमध्ये ती बसवली जाते, गणपतीत तिचा देखावा होतो, मोबाईलवर ती दर दोन-तीन महिन्यांनी ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’ या ओळीसकट परत येते. अशी सून कधी नव्हती. तसा वेढाही कधी पडला नाही. वाचनालयाच्या स्मरणिकेची चार पानं रिकामी राहत होती, म्हणून एका रविवारी दुपारी मी तो डाव माझ्या जेवणाच्या टेबलावर जुळवला. मी कॉलेजात इतिहास शिकवतो.

रचणं हा लहान गुन्हा. मोठा गुन्हा असा की लेखाखाली मी एक ओळ टाकली: ‘हा डाव आमच्या वाचनालयाच्या ज्येष्ठ सेवकांनी जपून ठेवलेल्या जुन्या बाडात मिळाला.’ आणि पुढे मामांचं पूर्ण नाव छापलं. त्यांना न विचारता. ते नाव मी इथे देणार नाही. एकदा खोट्याखाली छापलं, तेवढं पुरे.

मामा म्हणजे वाचनालयाचे शिपाई. आपल्याकडे शिपायाला मामाच म्हणतात, आणि एकदा मामा म्हटलं की त्या माणसाला दुसरं काही असेल असं कुणाला वाटत नाही. हे मामा उंच, वाळके, खाकी शर्टातले. शर्टाच्या खिशाला सुतळीने पेन्सिल बांधलेली. सुतळी कशाला, असं मी नवा सभासद असताना विचारलं होतं.

“माणसं पेन्सिल घिऊन जात्यात आन् पुस्तक हितंच इसरत्यात,” मामा म्हणाले. “उलटं व्हाया पायजे.”

पेन्सिलीचं काम एकच. वाचनालयातल्या ज्या ज्या पुस्तकात बुद्धिबळाचा डाव आला असेल, तो मामा मांडून बघत. दुपारी एक ते तीन वाचनालय बंद असे, तेव्हा वर्तमानपत्रांच्या लांब टेबलावर ते आपला पट पसरत. पट म्हणजे घोंगडीचा चौकोनी तुकडा, त्यावर पांढऱ्या दोऱ्याने घातलेल्या रेघा. काळी-पांढरी घरं नाहीत, नुसती चौसष्ट घरं. शेजारी कादंबरी उघडी. लेखक सांगेल तशी चाल खेळायची, आणि जिथे लेखक घसरला तिथे समासात लिहायचं. ‘हितं शह बसत न्हाई.’ ‘राजा कवाच मारत न्हाईत.’ ‘दोन राजे शेजारी कसे?’ एका गाजलेल्या कादंबरीत नायक मोठ्याने “शह आणि मात!” म्हणून पट उधळून देतो. तिथे मामांनी लिहिलं आहे: ‘मात झाल्यावर खेळणारा गप ऱ्हातो. वरडतो तो हरल्याला असतो.’

पुस्तक देताना ते सभासदाला सावध करत. “वैनी, गोष्ट झकास हाय. पण सत्त्याण्णव पानावं घोडा सरळ चालवलाय. त्येवढं मनावं घिऊ नगा.”

ऐतिहासिक कादंबऱ्यांवर त्यांचा विशेष राग. ज्या काळाची कादंबरी त्या काळाची चाल पाहिजे, असं ते म्हणत. एकदा त्यांनी पुण्याच्या एका लेखकाला पोस्टकार्ड पाठवलं, की तुमच्या पेशव्यांच्या वेळचे लोक कालच्या स्पर्धेतल्यासारखे खेळतात. लेखक सज्जन, त्यांनी उत्तर दिलं की डाव तिथे केवळ प्रतीक म्हणून आला आहे. मामांनी ते पत्र काउंटरवर आपटलं.

“प्रतीक हाय म्हणून घोडा सरळ चालंल व्हय, सर? उद्या म्हणतील, प्रतीक म्हणून नदी डोंगरावं चढली!”

वाचनालयाच्या अध्यक्षांनी एकदा त्यांना सगळ्यांसमोर झापलं. “पुस्तकं खराब करतोयस तू. सार्वजनिक मालमत्ता आहे.”

मामा हात मागे बांधून उभे होते. “खराब झाल्यालीच आल्ती सायेब. म्या दुरुस्त केली.”

मामा जतच्या पलीकडचे, मेंढपाळाच्या घरातले. खेळ वडलांकडून शिकलेले. मेंढरं घेऊन चार-चार महिने फिरताना मुक्कामावर पट पडायचा. मुक्काम हलला की गुंडाळायचा आणि पुढच्या गावाच्या रानात मोहरे आठवणीने पुन्हा तसेच मांडायचे. “आमचा एक डाव जतला सुरू झाल्ता आन् कऱ्हाडला मिटला,” असं ते अभिमानाने सांगत. आमच्या कृष्णाकाठच्या माणसांबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. “तुमच्याकडं पाणी लय. म्हणून तुमी भराभरा खेळता.”

ते देशी पद्धतीने खेळत. शाळेत आपण जे बुद्धिबळ शिकतो त्यात प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं आणि शेवटच्या ओळीत पोचलं की आपण त्याचा वजीर करून टाकतो. मामांच्या खेळात प्यादं कायम एकच घर चालतं. आणि शेवटच्या ओळीत पोचलं की ते ज्याच्या घरात पोचलं तेच होतं: घोड्याच्या घरात घोडा, हत्तीच्या घरात हत्ती. प्याद्याने दिलेली मात सगळ्यांत मानाची. मी त्यांच्याशी दहा-बारा वेळा खेळलो आणि प्रत्येक वेळी सवयीने प्यादं दोन घरं पुढे सारलं. मामा काही न बोलता बोटाने ते एक घर मागे ओढत.

“दोन घरं उडी मारायची घाई असंल त्येनं क्यारम खेळावा.”

मिरजेला त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी भेटायला गेलो होतो. एका डोळ्याला पट्टी, आणि शेजारच्या खाटेवरच्या निवृत्त सुभेदारांशी पटाशिवाय तोंडी डाव चाललेला. सुभेदारांच्या दोन्ही डोळ्यांना पट्ट्या होत्या. नर्स ओरडत होती, “आजोबा, डोक्याला ताण देऊ नका!” आणि सुभेदार म्हणत होते, “ताण मला हाय बाई, ह्यांला न्हाई. माझा हत्ती गेला.”

हे सगळं सांगतो ते एवढ्यासाठी, की त्या नावाची किंमत कळावी. वाचनालय म्हणजे मामांचं आयुष्य, पण तिथली एकही वस्तू त्यांची नव्हती. त्यांची होती ती एवढीच गोष्ट: मामांनी पानावर रेघ मारली नाही म्हणजे डाव खरा. हे गावात म्हणीसारखं झालं होतं. म्हणूनच स्मरणिकेच्या बैठकीत माझा लेख वाचल्यावर अध्यक्षांनी पहिला प्रश्न विचारला, “मामांना दाखवलंत का?”

मी म्हणालो, “त्यांच्याच कागदांतलं आहे.”

ते तोंडातून निघालं. मग ते छापणं भाग पडलं. मला तेव्हा वाटलं, मामा खूश होतील. शिपायाचं नाव स्मरणिकेत येतंय, खूश का होणार नाहीत? हे असं वाटणं हाही त्याच गुन्ह्याचा भाग आहे.

वाचनालयाच्या शतकपूर्तीचा कार्यक्रम सकाळी दहाला होता. नऊ वाजता मंडपाच्या मागे, लाउडस्पीकरची चाचणी चालली होती तिथे, मामा मला शोधत आले. हातात स्मरणिका. गठ्ठे सोडताना त्यांनी ती वाचली होती. वाचली म्हणजे मांडली होती.

“सर, ह्यो डाव कुठला?”

“मामा, आज तुमचा सत्कार आहे. शाल आहे, नारळ आहे.”

“ती ऱ्हाऊ द्या. डाव कुठला?”

मी घड्याळाकडे बघितलं.

“पयल्याच चालीला बाईचं प्यादं दोन घरं गेलंय. त्या काळात आपल्याकडं दोन घरं कुणी चालत न्हवतं. ते एक सोडा. शेवटाला प्यादं हत्तीच्या घरात जाऊन वजीर झालंय आन् तिरकी मात दिलीया. आवं, हत्तीच्या घरात हत्तीच हुतो! हत्ती तिरका जात न्हाई. राजा आरामात चालत निघून जातो. तुमच्या डावात गाव वाचत न्हाई सर, गाव जातं!”

मी हसलो. मला आजही ते हसणं आठवलं की तोंड धुवावंसं वाटतं. प्याद्याचा वजीर होतो आणि विधवेची राणी होते, हे मला फार सुंदर सुचलं होतं. त्याच सुंदर जागेवर मामांनी बोट ठेवलं होतं.

“कार्यक्रमानंतर बघू,” मी म्हणालो.

“माझं नाव खाली हाय. माझ्याकडं कसलं बाड न्हाई. नंतर कसं बगायचं?”

मामांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ते व्यासपीठावर आले. पाहुण्यांनी शाल पुढे केली. मामांनी मान वाकवली नाही. ते सरळ माइककडे गेले.

“ह्यो डाव खोटा हाय. माझ्याकडं कागद न्हाई. असला कागद असता तर म्या पयला त्येच्यावं रेघ मारली असती.”

लोक हसले. त्यांना वाटलं, मामा नेहमीसारखं काहीतरी बोलतायत. अध्यक्ष मात्र गोरेमोरे झाले. ते माझ्याकडे वळून माइकवरच म्हणाले, “सर, कागद मामांनीच दिले ना?”

समोर गाव होतं. पहिल्या रांगेत माझे प्राचार्य होते, माझी बायको होती.

“हो,” मी म्हणालो. “मामांचं वय झालंय. विसरले असतील.”

मामांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. पट चुकीचा मांडलाय हे लक्षात आल्यावर ते बघत, तसं. मग म्हणाले, “सर, पट मांडा. हितंच. तुमचा डाव खेळून दावा.”

मी मांडला नाही. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, म्हणजे विषय संपावा. मामांनी पाहुण्यांच्या हातातली शाल घेतली, घडी घालून खुर्चीवर ठेवली आणि पायऱ्या उतरून गेले.

त्यानंतर निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं मामांना पुस्तकांपासून लांब ठेवलं. तळघरातल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांवर त्यांची नेमणूक झाली. पेन्सिल बाळगायची नाही अशी लेखी समज दिली. तिच्यावर मामांनी सही केली, त्याच पेन्सिलीने.

आणि मग त्यांनी जे सुरू केलं त्याला गावाने वेड म्हटलं. रविवारी सकाळी सायकल काढायची आणि स्मरणिका ज्यांनी ज्यांनी नेली होती त्यांच्या घरी जायचं. प्रती कुणाला द्यायच्या ती यादी कार्यक्रमाआधी मामांनीच केली होती, त्यामुळे कुणी नेली हे त्यांना पाठ होतं. “सकाळ सकाळ तरास देतो. स्मरणिका हाय का? पाच मिन्टं द्या.” लेखाचं पान काढायचं, खाली लिहायचं: ‘डाव खोटा. खाली नाव माझं, पण शब्द माझा न्हवं.’ आणि सही. चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तर निघायचं. तासगावला गेले, इस्लामपूरला गेले, एका बदली झालेल्या मास्तरांच्या मागे एसटीने साताऱ्याला गेले. तिथल्या बाईंनी “रद्दीत दिली असेल” म्हणून सांगितलं, तर म्हणाले, “चांगलं केलंसा,” आणि परत फिरले. एका घरी कुत्रं चावलं. पुढच्या रविवारी उरलेलं अर्धं लिहायला परत त्याच घरी.

मला हे सगळं लोक हसत हसत सांगत. “तुमच्या मामांचं डोकं फिरलंय, सर.” मीही हसायचो. आपल्या दाराशी ती सायकल कधी येते, याची मी दर रविवारी वाट बघत होतो. मामा माझ्याकडे मात्र कधी आले नाहीत.

गोष्ट तोवर माझ्या हातातून गेली होती. पुरवणीत आली, एका कादंबरीत आली. ती कादंबरी वाचनालयात आली तेव्हा मामा निवृत्त होऊन साधे सभासद झाले होते, आणि सभासदाच्या खिशात पेन्सिल नको असं सांगायला कायदा नव्हता. मी ती कादंबरी घरी नेली. डावाच्या पानावर समासात ओळखीचं अक्षर होतं: ‘ह्यो डाव स्मरणिकेतला. तितंबी खोटाच. सरांना इचारा.’

सरांना विचारा. पुस्तक नऊ जणांनी नेलेलं होतं. एकानेही मला विचारलं नाही.

गेल्या वर्षी नगरपालिकेने नदीकाठच्या बागेत दगडी पट बसवायचं ठरवलं. माणसाच्या गुडघ्याएवढे लाकडी मोहरे, आणि बाजूला संगमरवरी फलक. फलकाचा मजकूर एकदा बघून द्या, म्हणून कारागिराने मला मोबाईलवर फोटो पाठवला. मी तो बोटांनी मोठा केला. सून, वेढा, डाव, सगळं होतं. तळाशी मामांचं नाव कोरलेलं होतं. दगडावर पेन्सिल चालत नाही, एवढंच माझ्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी मी स्मरणिकेची माझी प्रत घेऊन जतच्या पुढे गेलो. मामा पुतण्याकडे राहतात. घरात बायका कानडीत बोलत होत्या, अंगणात टँकरमधून भरलेली पिंपं झाकून ठेवलेली. मामा कडुनिंबाखाली बसले होते. पाठीला बाक आलेला, पण सुतळी होती.

“या. पाणी घ्या आदी,” ते म्हणाले. जसं काही मी पुस्तक बदलायला आलो होतो.

“मामा, माझं चुकलं,” मी म्हणालो.

“हितं म्हणून काय उपेग? हितं कोण खोटं मानत हुतं? ‘हो’ कुठं म्हणला हुता तुमी?”

“स्टेजवर.”

“मग ‘न्हाई’ बी तितंच म्हणा. आन् पट मांडून म्हणा. तवाच सांगिटलं हुतं.”

मी प्रत पुढे केली. त्यांनी ती हातातही घेतली नाही. “समद्यांच्या घरी गेलो. तुमच्याकडं न्हाई आलो. तुमची परत तुमी दुरुस्त करायची.” सुतळी सोडून त्यांनी पेन्सिल माझ्याकडे दिली.

मी लिहिलं. मग धीर करून म्हणालो, “पण मामा, त्या गोष्टीमुळे पोरी खेळायला लागल्या. आज तालुक्यात निम्मे खेळाडू मुली आहेत.”

“पोरी खेळत्यात त्या खेळ चांगला हाय म्हणून. त्यास्नी खोटी आजी कशाला पायजे?” त्यांनी पेन्सिल परत घेऊन सुतळीला बांधली. “माझ्या आईनं माझ्या बाला प्याद्यानं मात दिल्याली हाय. मेंढरं बसल्याली, ती भाकरी थापत हुती. हात धुवून आली, तीन चाली खेळली, परत तव्याकडं गेली. लिवलं का कुणी? म्या बी लिवलं न्हाई. कागद न्हाई त्येचा. कागद न्हाई तर लिवायचं न्हाई.”

फलकाच्या समितीच्या बैठकीत मी डाव खोटा असल्याचं सांगितलं तेव्हा गोंधळ झाला. “सर, आता कशाला? दगडात कोरलंय!” “गावाची अब्रू जाईल.” वाचनालयाचे नवे अध्यक्ष माझेच विद्यार्थी, ते हळूच म्हणाले, “सर, नुसतं मामांचं नाव काढून टाकू. गोष्ट राहू द्या. कुणाला काय कळणार आहे?”

“मामांना कळणार आहे,” मी म्हणालो. “फलक बसला तर पहिली छिन्नी मी मारीन. मग पोलीस बोलवा.”

आयुष्यात पहिल्यांदा मी वर्गाबाहेर आवाज चढवला होता. फलक बसला नाही. पट बसला.

उद्घाटनाला मामा एसटीने आले आणि मागच्या रांगेत, बांधावर बसले. मी भाषणाला उभा राहिलो आणि माइक हातात घेऊन सरळ पटावर उतरलो. ते मोठे लाकडी मोहरे एकेक ढकलत मी माझा डाव खेळून दाखवला. पहिल्या चालीला प्यादं दोन घरं सारलं, आणि सगळ्यांसमोर एक घर मागे ओढलं. तरीही, म्हटलं, शेवटपर्यंत बघू. प्यादं हत्तीच्या घरात पोचलं. “त्या काळी हत्तीच्या घरात हत्तीच व्हायचा,” म्हणत वजीर बाजूला सारून मी तिथे हत्ती उभा केला. मग शत्रूचा राजा कवेत धरला आणि एक घर चालवून मोकळा केला. घामाने शर्ट भिजला होता.

गर्दीतून एक मुलगी ओरडली, “सर, गाव गेलं की!”

“हो,” मी म्हणालो. “गेलं. कारण ते कधी वेढ्यात नव्हतंच. ती बाई मी रचली, तो डाव मी रचला. याच गावात, माइकवर मला विचारलं होतं, कागद मामांनी दिले का? मी हो म्हणालो. खरं उत्तर नाही. कागद कधीच नव्हता. मामा त्या दिवशी खरं बोलत होते आणि मी भ्यालो. मामा, तुमचं वय झालं नव्हतं. तुम्ही काही विसरला नव्हता. माझं चुकलं. मला क्षमा करा.”